केजीतल्या मुलांचे प्रोजेक्ट नक्की कोणी करायचे? (गोव्यातल्या पालक-शिक्षकांनी जरूर लिहा)

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा सीनियर केजीत आहे, फोंड्याच्या बाजूलाच शाळा. शनिवारी दुपारी वॉट्सॅप ग्रुपवर मेसेज आला की सोमवारी 'कम्युनिटी हेल्पर्स'चं मॉडेल आणा. झालं, रविवारभर ग्रुपवर थर्माकोल कुठे मिळतो, ग्लू गन कोणाकडे आहे, तयार मॉडेल करून देणारं कोणी आहे का हीच चर्चा. सोमवारी वर्गात पोस्टमन, डॉक्टर, फायर ब्रिगेड सगळं मांडलेलं, आणि एकाही मॉडेलला पोरांचा हात लागलेला नाही. हात लावला तर मोडेल म्हणून टेबलाभोवती दोरी बांधलेली.

आता हीच माझी मुलगी रोज सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की गेटवर धावते. त्याच्या टोपलीत पोये, कांकण, उंडो असे पाव असतात, त्यात डोकं घालून विचारते, पोयेच्या पोटात काय होतं? कांकणाला मध्ये भोक का? उंडो वरून कडक आणि आतून मऊ कसा? तो बिचारा रोज काहीतरी सांगतो आणि पुढे जातो. मला वाटतं कम्युनिटी हेल्पर हाच ना, दारात येणारा, मग थर्माकोलचा पोस्टमन कशाला? पोरांना महिनाभर पावावरच काम करू दिलं तर? पीठ मळणं, फुगतं कसं बघणं, भट्टी बघायला जाणं, वर्गात पावाचं दुकान मांडणं.

पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, तिथे हे मांडायचंय. कोणी असं हाताने करायचं काम केजीच्या मुलांसोबत केलंय का? आणि त्यात अक्षरं-आकडे मागे पडतात का? खरंखुरं लिहा.

मांडवीकाठ
आमच्या घरी गेल्या वर्षीचा अग्निशमन बंब अजून कपाटावर आहे. मिस्टरांनी दोन रात्री जागून केला, पहिलं बक्षीस मिळालं. चिरंजीवांनी त्या दोन रात्री छान झोप काढली.

बालवाडीवाली बाई
फोंडेकरीण, तुमची पोर योग्य वाटेवर आहे. मी डिचोली भागात बालवाडी चालवायची, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

हे काही आजचं फॅड नव्हे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर काढलं, नंतर त्यांच्यासोबत ताराबाई मोडक आल्या. पुढे ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत. परदेशी महागडी साधनं परवडायची नाहीत, म्हणून मग बिया, शिंपले, पानं, दगड, माती हीच साधनं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, अंगणवाडीची कल्पना तिथूनच. मराठीत हे सगळं आपल्या घरचं आहे आणि आपण ते विसरून थर्माकोल शोधत फिरतो याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझा अनुभव. डिचोलीची मातीची भांडी सगळ्यांना ठाऊक आहेत. पोरांना कुंभाराकडे नेलं. जायच्या आधी वर्गात नुसतं विचारलं, मडकं कसं होतं? एक म्हणाला दुकानात होतं. एक म्हणाली झाडाला लागतं. मी कोणालाच चूक म्हटलं नाही, सगळं फळ्यावर लिहिलं. कुंभारानं चाक फिरवलं, पोरांनी मातीत हात घातले, येताना थोडी माती आणली. प्रत्येकानं पणती केली, वाकडीतिकडी. मग एका मुलीनं विचारलं, भाजायची कशाला, वाळली की झाली ना? हा प्रश्न आला आणि माझं काम संपलं, पुढचं पोरांनी केलं. एक पणती नुसती उन्हात वाळवलेली, एक कुंभाराकडून भाजून आणलेली, दोन्ही पाण्याच्या परातीत ठेवल्या. कच्ची पणती कडेपासून सुटायला लागली, पाणी गढूळ झालं, थोड्या वेळानं तिचा चिखल. भाजलेली तशीच्या तशी. पोरं परातीवरून उठेनात, डबा खायचा पण विसरली. दुसऱ्या दिवशी येताना घरून चहाचे कप, कौलाचा तुकडा, चिऱ्याचा तुकडा असलं काय काय घेऊन आली, हे विरघळतं का बघूया म्हणून. ते मी सांगितलं नव्हतं.

दोन पोरांचा बाप
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण खरं बोलू? तुमचा काळ वेगळा. आज पहिलीला चांगल्या शाळेत घालायचं तर पोराला लिहिता-वाचता येतं का हे सरळ बघतात. माझ्या मोठ्याच्या वर्गातल्या पोरांना केजीतच वाक्यं लिहिता येत होती, माझा मागे राहिला आणि वर्षभर रडला. पणती विरघळली हे छान आहे हो, पण पहिलीची टीचर पणती विचारत नाही. मळलेल्या पिठानं स्पेलिंग येणार आहे का?

भिरंड
@दोन पोरांचा बाप, स्पेलिंगचं माहीत नाही पण पावाचं दुकान मांडलं की पाटी पोरंच लिहितात. आमच्याकडे मे महिन्यात भिरंडांचा (कोकमफळांचा) उद्योग चालतो, सासूबाई सोलं (आमसुलं) घालतात. धाकटीला बिया काढायला बसवलं. बोटं लाल, फ्रॉक लाल, लादी लाल. मग तिनं कुठेतरी बघितलेलं म्हणून लाल पाण्यात खायचा सोडा टाकला आणि रंगच पालटला, ओरडत घरभर फिरली. नंतर लिंबू पिळलं तर परत लालसर. मग जास्वंद, मग जांभूळ, घरातलं एकही फूल-फळ सोडलं नाही. बाटल्यांवर नावं लिहायची होती म्हणून 'भि' कसा काढायचा ते तिनं स्वतःहून विचारलं. त्याआधी गिरवायला बस म्हटलं की पोटात दुखायचं.

मुलांची डॉक्टर
लिहिण्याचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेची असतात, हाड नंतर हळूहळू तयार होतं, एकेक करत. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्सरे काढला तर आठांपैकी काही अजून दिसतच नाहीत, शेवटचं दिसायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. बोटांचे बारीक स्नायूही तसेच, वापरून तयार होतात. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाकडून चार रेघांच्या वहीत पानंच्या पानं गिरवून घेणारे पालक माझ्याकडे 'हात दुखतो म्हणतो, नाटक करतो का' विचारत येतात. नाटक नसतं ते.

पीठ मळणं, माती दाबणं, वाटाणे सोलणं, कपडे पिळणं, चिमटीनं बिया उचलणं, कात्री चालवणं यातूनच पेन्सिल धरायची ताकद येते. तेव्हा दोन पोरांचा बाप, पिठानं स्पेलिंग येत नाही हे मान्य, पण अक्षर येतं.

दोन पोरांचा बाप
डॉक्टर, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण शाळेलाही कोणी सांगा ना.

अंगणवाडी ताई
वाचून बरं वाटलं, पण माझी बाजू पण ऐका. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची सगळी एकत्र, मी आणि एक मदतनीस. त्यात वजन-उंची घ्यायची, आहार द्यायचा, गरोदर बायकांची नोंद, मोबाईलमध्ये माहिती भरायची, सर्व्हे निघाला की तो. ट्रेनिंगला जातो, 2023 पासून 'पोषण भी पढाई भी' सुरू झालंय, चांगलं शिकवतात, पण दिवसाचे तास तेवढेच. प्रोजेक्ट म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, अजून एक रजिस्टर वाढणार म्हणून.

तरी एक करते. तिसऱ्यांची खोलपां (शिंपल्या) साठवते, किनाऱ्यावरचे शंख-शिंपले पालक आणून देतात, चिंचोके, करटी (करवंट्या) आहेत. पोरं लहान-मोठी लावतात, मोजतात, रांगोळी काढतात, करटीनं वाळू मापतात. सहा वर्षांचं पोर तीन वर्षांच्याला शिकवतं, हा एकत्र वर्गाचा फायदा, तो केजीवाल्यांना मिळत नाही. खर्च शून्य.

सत्तरीचो पावस
आमच्याकडे पहिल्या पावसानंतर पोरांना घेऊन रानात फिरायचं, तायकिळो, तेरें, आकूर या रानभाज्या ओळखायला शिकवायचं. आणि रोयणीवर (वाळवीच्या वारुळावर) ओळमी (रानअळंबी) येतात तो दिवस तर शाळाच.

मांडवीकाठ
ओळमी म्हटलं आणि धागा बाजूला राहिला. यंदा भाव काय आहे? गेल्या वर्षी बाणस्तारीच्या बाजारात विचारूनच परत आले.

सत्तरीचो पावस
भाव विचारू नका, बघून पोट भरा. पण एक गंभीरपणे सांगतो, रोयण फोडून सगळं ओरबाडून काढायचं नाही. वाळवी आत बुरशी वाढवते, तिच्यावर हे ओळमी येतं, घर मोडलं की पुढच्या वर्षी तिथे काही नाही. पोरांना हे समजतं, मोठ्यांना समजत नाही. आमचा पाच वर्षांचा भाचा आजोबांना म्हणाला, थोडी सोड, ते तांचें घर.

मुलांची डॉक्टर
रानाचं निघालं म्हणून सांगते, घाबरवायचा हेतू नाही. चतुर्थीला माटोळीचा (गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळं-फुलांच्या चौकटीचा) प्रोजेक्ट खूप शाळा करतात आणि तो फार सुंदर विषय आहे, एवढी रानफळं-फुलं एका चौकटीखाली बघायला मिळतात. पण त्यात कळलावीची फुलं असतात, काजऱ्याची फळं असतात. कळलावी पूर्ण विषारी, कंद सगळ्यात जास्त. काजऱ्याच्या बीत स्ट्रिकनिन. बघायची, चित्र काढायचं, हातात द्यायची नाहीत, हे टीचरला आधी माहीत पाहिजे. चिखलात खेळायला माझी पूर्ण संमती आहे, फक्त पायाला जखम असेल त्या दिवशी नको आणि गुरं जिथे बसतात तिथलं साचलेलं पाणी नको, पावसात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुतातून पाण्यात पसरणारा ताप) धोका असतो. बाकी साबणानं हात-पाय धुतले की झालं.

वाचनवेडी
फोंडेकरीण, सभेत मांडायला दोन मुद्दे देते, हे माझ्या अभ्यासाचे विषय आहेत.

एक. लिलियन कॅट्झ आणि सिल्व्हिया चार्ड या दोघींनी 1989 मध्ये लहान मुलांच्या प्रोजेक्टवर सविस्तर मांडणी केली. त्यांच्या पद्धतीत तीन टप्पे असतात. आधी मुलांना त्या विषयाचं काय ठाऊक आहे आणि काय विचारायचंय ते बाहेर काढायचं (बालवाडीवाल्या बाईंनी फळ्यावर लिहिलं ते हेच). मग प्रत्यक्ष जाऊन बघणं, माणसांना प्रश्न विचारणं, समोर बघून चित्र काढणं, करून पाहणं. शेवटी दुसऱ्यांना सांगणं-दाखवणं. आपल्याकडे शाळा तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात आणि तिथेच संपवतात, म्हणून ते आईबापांच्या गळ्यात पडतं. कॅट्झ आणखी एक म्हणायच्या, माहिती आणि कौशल्य वेगळं आणि शिकण्याची वृत्ती वेगळी. वाचता येणारं पण पुस्तकाला कंटाळलेलं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दोन, बक्षिसाबद्दल. 1973 मध्ये स्टॅनफर्डच्या नर्सरी शाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायची मनापासून आवड होती त्यांना निवडलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट आणि रिबन मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी वर्गात ते पेन परत ठेवले तेव्हा बक्षीस कबूल केलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती. म्हणून मला ते पहिलं-दुसरं बक्षीस केजीत अजिबात नको वाटतं.

दोन पोरांचा बाप
म्हणजे स्टार पण द्यायचा नाही? धाकटा हातावरचा स्टार पुसेल म्हणून आंघोळ करायला तयार नसतो.

वाचनवेडी
आहे तो राहू दे, स्टार दिला म्हणून मूल बिघडत नाही हो. ज्याची मुळातच आवड आहे त्याला आधी आमिष दाखवायचं नाही एवढंच. पुढच्या वेळी स्टारसोबत विचारा, हा हिरवा रंग कसा केलास? बघा किती बोलतो.

खाजनकार
आमचं खाजन शेत आहे (खाडीकाठचं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं), त्यामुळे माझा विषय पाणी. शाळेमागे वाळूचा ढीग होता, पाच वर्षांची पोरं पावसात त्यात नदी करत होती. मी पोराला सोडायला गेलो होतो, टीचर म्हणाल्या काका जरा बांध कसा घालतात दाखवा. मी म्हटलं मी दाखवत नाही, त्यांना घालू दे. पहिला बांध नुसत्या वाळूचा, गेला. मग चिखल लावला, टिकला पण पाणी वरून गेलं. मग एकानं मध्ये पाइपचा तुकडा घातला. मग मी मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचं सांगितलं, भरतीला बाहेरचं पाणी दाबतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि उघडतं, खारं पाणी शेतात येत नाही. पोरांनी पुठ्ठ्याचं दार केलं, भिजून गेलं. मग प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण, वर सुतळीनं बांधलेलं. दोन्ही बाजूंनी बादलीनं पाणी ओतून बघत बसली. नंतर त्यांना घेऊन खरी मानस बघायला गेलो, लांबूनच, दोन-दोन पोरांमागे एक मोठा माणूस. एक मुलगा म्हणाला, काका, तुमचं झाकण मोठं आहे.

माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना मानस कशी चालते ठाऊक नाही, बांध फुटून खाजनं बुडतायत आणि आम्ही बघतोय. ही पोरं मोठी होऊन तरी विचारतील, असं मला फार वाटतं.

मांडवीकाठ
खाजनकार भाऊ, हे वाचून माझ्या पोराला तुमच्याकडे पाठवायचं मन झालं. बंब पण पाठवते, पाणी मारायला.

केजीची टीचर
मी मडगावला केजीला शिकवते. सगळं वाचलं. पालकांना वाटतं आम्हाला थर्माकोल आवडतो. आमच्याकडे प्रदर्शनाची तारीख आधी ठरते, फोटो चांगले यायला हवेत असं वरून येतं, आणि दुपारी गेटवर पहिला प्रश्न असतो, 'आज काय लिहिलं?' वही कोरी दिसली की तक्रार. मी एकदा पूर्ण सकाळ मुलांना गोगलगायी बघू दिल्या, कोण किती वेळात पान ओलांडते, शिंगं कधी आत घेते, पोरं पोटावर पालथी पडून बघत होती. दुसऱ्या दिवशी तीन पालक ऑफिसात, युनिफॉर्म मळला म्हणून.

नवीन धोरण आमच्या बाजूचं आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा केलाय, त्याचा आराखडा 2022 मध्ये आला, खेळ आणि कृती मध्यावर ठेवलीय, एवढ्या लहान मुलांच्या परीक्षा नकोत म्हटलंय. गोव्यात 2023-24 पासून सुरुवातही झाली. पण कागद आला म्हणून सवय बदलत नाही.

म्हणून फोंडेकरीण, सभेत 'तुम्ही असं का करत नाही' असं म्हणू नका, टीचर लगेच मागे सरकेल. 'आम्ही काय करू शकतो' म्हणा. वर्गात तीस मुलं असतील तर मला सगळ्यात जास्त गरज हातांची असते. पीठ मळायच्या दिवशी चार आज्या येऊन बसल्या तर माझा वर्ग चालतो. लोणी काढलेलं, पापड लाटलेलं, झावळ्या विणलेल्या आज्यांहून चांगली तज्ज्ञ मला कुठे मिळणार?

पावाचं तुमचं मला इतकं आवडलं की मी असं करेन. पहिले दोन-तीन दिवस नुसते पाव वर्गात. वास घेऊ दे, तोडू दे, आतली भोकं भिंगातून बघू दे, समोर ठेवून चित्र काढू दे. प्रत्येकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत मोठ्या कागदावर लिहायचा, मूल आपलं वाक्य ओळखतं, वाचन तिथूनच सुरू होतं. मग पीठ. एका वाटीत यीस्ट, एका वाटीत नाही. यीस्टचं पीठ एक उबेला, एक फ्रिजमध्ये. पारदर्शक बरणीला रबर बँड लावायचा, पीठ कुठपर्यंत चढलं ते मुलं स्वतः बघतात, मोजमाप आलं. पूर्वी सूर (माडाची ताडी) घालून पीठ फुगवायचे हे सांगायला कोणाचे तरी आजोबा बोलवा. मग भट्टी. मग दुकान, त्यात पाट्या, भाव, सुटे पैसे. चित्राखाली मूल काय बोललं ते तारखेसह लिहून भिंतीवर लावा, गेटवरच्या 'काय लिहिलं'ला ते उत्तर असतं.

मुलांचा रस मध्येच पावाऐवजी पोदेराच्या सायकलीकडे गेला तर सायकलीकडे जा, ओढून परत आणू नका.

बालवाडीवाली बाई
टीचर, शाब्बास. गोगलगायीच्या दिवशी मी तुमच्या वर्गात पाहिजे होते.

दोन पोरांचा बाप
गेटवर 'काय लिहिलं' विचारणाऱ्यांत मी पण आहे. आज धाकट्याला विचारलं, आज कशाला हात लावलास? म्हणाला बेडकाला. पुढे अर्धा तास बेडूकच. आई सुट्टीवर आहे, रविवारी तिच्यासोबत पीठ मळायला बसवतो.

फोंडेकरीण
मंडळी, देव बरें करूं सगळ्यांचं. पालकसभा झाली. टीचरची बाजू आधी ऐकली, मग 'आम्ही काय करू शकतो' असंच म्हटलं, टीचर खूश झाल्या, म्हणाल्या प्रदर्शनात या वर्षी एक टेबल पावाचं ठेवूया, दोरी न बांधता. दोन-तीन पालक नाराज आहेत, अभ्यास बुडेल म्हणतात, त्यांना मुलांच्या डॉक्टरांचं मनगटाचं वाचून दाखवलं, एकीनं ते पुढे फॉरवर्ड पण केलं. तीन आज्या आणि एक आजोबा यायला तयार.

पोदेराशी बोलले. त्याला आधी खरंच वाटेना. पहाटेची भाजणी मुलांना जमणार नाही, दुपारच्या वेळी संध्याकाळच्या पावाची तयारी असते तेव्हा या म्हणाला. जागा लहान आहे, भट्टी लाकडाची. अजून काही सांभाळायचं असेल तर सांगा.

मुलांची डॉक्टर
पाच-सहाच्या गटानं न्या, भट्टीच्या तोंडापासून लांब खडूनं रेघ मारून घ्या आणि ती रेघ पोरांनाच आधी दाखवा. नायलॉनचे कपडे नकोत, सुती घाला. आणि गव्हाची ऍलर्जी कोणाला आहे का ते पालकांकडून लेखी घ्या, दम्याचं मूल असेल तर धुराजवळ नेऊ नका, त्याला पीठ मळणाऱ्या बाजूला उभं करा.

भिरंड
पोदेराला आधी मुलांच्या प्रश्नांची यादी दाखवा, नाहीतर पोयेच्या पोटाला तो तयार नसेल.

फोंडेकरीण
दाखवली. यादी वाचून म्हणाला, पोटाचं उत्तर माझ्या बापायला विचारून ठेवतो.